छपरावरचे पॅनेल आणि कोपऱ्यातली बॅटरी

विजेच्या तारा न पोहोचलेल्या वस्त्यांमध्ये घरगुती सौर संच बसवण्याच्या कामात मी काही वर्षे आहे. किती घरांत संच बसले, याचे आकडे सगळेच विचारतात. त्यांतले किती संच तिसऱ्या वर्षी चालू आहेत, हे क्वचितच कोणी विचारते, आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो.

संच बंद पडल्याची तक्रार आली की मी छपरावर चढण्याआधी बॅटरी पाहतो. एका घरात चार्ज कंट्रोलर भिंतीवर जागच्या जागी होता, पण त्याच्याकडून दिव्यांकडे जाणाऱ्या तारा सोडवून दोन चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडल्या होत्या. बॅटरीच्या टोकांवर पांढरट भुकटी साचली होती आणि झाकणे उघडली तेव्हा पाणी प्लेटांच्याही खाली गेलेले दिसले. घरातल्या आजी म्हणाल्या, "तांबडा दिवा लागला की घरात अंधार व्हायचा, म्हणून पोराने तार सरळ जोडून दिली." बॅटरी फार रिकामी होऊ नये म्हणून कंट्रोलर पुरवठा तोडतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. संच बसवणाऱ्यांनी कागदावर अंगठा घेतला आणि ते पुढच्या घरी गेले. दोष त्या मुलाचा नाही, असे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो.

शिसे-आम्ल बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली आणि तशीच राहू दिली, तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि बॅटरीची साठवणक्षमता कायमची घटते. डिस्टिल्ड पाण्याऐवजी विहिरीचे पाणी घातले, तर त्यातले क्षार हेच काम आणखी लवकर करतात. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते; अशी बॅटरी नीट सांभाळली तरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, आणि त्या खर्चाची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जास्त टिकते आणि तिच्यात पाणीही घालावे लागत नाही, म्हणून परवडत असेल तर मी तीच सुचवतो.

हिशेब मांडून दाखवला की लोकांना तो पटकन समजतो. चाळीस वॅटचे पॅनेल, पाच तासांचे चांगले ऊन आणि मधली गळती धरली, तर दिवसाकाठी सुमारे 140 वॅट-तास हाती येतात. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास लावले तर 60, पंधरा वॅटचा डीसी पंखा चार तास चालवला तर आणखी 60, आणि उरलेल्यात मोबाइल चार्ज होतो. त्यावर कोणी इन्व्हर्टर लावून जुना टीव्ही जोडला की तांबडा दिवा लागलाच म्हणून समजावे.

बांगलादेशात 2003 साली सरकारी वित्तसंस्था इडकॉलने सुरू केलेल्या कार्यक्रमातून चाळीस लाखांहून अधिक घरांत संच पोहोचले, याचे श्रेय मी हप्त्यांइतकेच त्यामागच्या व्यवस्थेला देतो. ग्रामीण शक्तीसारख्या भागीदार संस्थांची माणसे हप्ता घ्यायला घरी जात आणि त्याच फेरीत संचही तपासत. पुढे तिथे गावोगाव वीज पोहोचली आणि संचांची मागणी ओसरली. ज्या वस्तीत तारा लवकरच येणार आहेत, तिथल्या कुटुंबाला लांब मुदतीचे कर्ज काढायला लावू नये, असे मला त्यावरून वाटते.

केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा 2007 मध्ये आली आणि तिच्या आधारावर, वापराल तसे पैसे भरा, अशी पद्धत रुजली. हप्ता थकला की संच दूरवरूनच बंद होतो. रोज थोडे थोडे भरण्याची सोय गरीब घराला खरोखर उपयोगी आहे, परंतु ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांच्या घरात पेरणीच्या दिवसांत अंधार व्हावा, हे मला मान्य नाही. हप्त्यांचे वेळापत्रक पिकाच्या पैशाशी जुळवता येते, आणि ते जुळवलेच पाहिजे.

त्या आजींच्या घरी आम्ही बॅटरी बदलली आणि तारा पुन्हा कंट्रोलरमधून घेतल्या. जुनी बॅटरी मी मागून घेतली, कारण ती अंगणात फोडली असती तर शिसे पोरांच्या हातांवरून पोटात गेले असते. निघताना नातीने बॅटरीत पाणी पाहण्याच्या तारखा खडूने दारामागे लिहून घेतल्या आणि तांबडा दिवा लागल्यावर कोणता दिवा आधी बंद करायचा, हे मला दोनदा विचारून घेतले.