तुम्ही विचारलंत म्हणून: धावपट्टी का बंद केलीत?

"आजोबांची धावपट्टी तुम्ही का बंद केलीत?" हे इतक्यांदा विचारून झालंय की माझं उत्तर पाठच झालं होतं, विम्याचा खर्च झेपेना, शेजारी घरं झाली, आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यात खोटं काही नाही, पण हे सगळं असूनही बाबांनी ती चालवलीच की.

1945 नंतर लष्करातून सुटलेले पायलट आणि स्वस्तात निघालेली हलकी विमानं, दोन्ही भरपूर होती, तेव्हा आजोबांनी शेतातला एक लांब पट्टा गवताचा राखला. पूर्व-पश्चिम, म्हणून दोन टोकांचे नंबर 09 आणि 27, होकायंत्राच्या 090 आणि 270 अंशांमधलं शेवटचं शून्य सोडून. पायपर कबसारख्या छोट्या, हलक्या विमानाला डांबर लागतच नाही.

पाऊस पडून गेला की बाबा सकाळी अख्खी पट्टी चालून यायचे. थोड्या थोड्या अंतरावर बुटाची टाच रोवायची, फिरवायची, खळग्यात पाणी भरतंय का ते बघायचं. मला तेव्हा ते उगाच वाटायचं. एकदा बाबा तापाने पडलेले, आणि एका पायलटचा फोन आला, जमीन कशी आहे? मी खिडकीतूनच बघितलं, ऊन पडलं होतं, गवत मस्त चमकत होतं, म्हटलं ठीक आहे, या.

ते पाणी चमकत होतं. ओल्या गवतावर ब्रेक धरत नाहीत, थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं, हे मला माहीत होतं हो! चाकं फिरायची थांबली होती आणि विमान तसंच पुढे सरकत होतं, काही आवाज नाही, नुसतं सरकतंय. टोकाच्या चरात नाक घुसलं, प्रोपेलर वाकला, पायलटचं मनगट मोडलं.

उतरायचं की नाही हे शेवटी पायलटने ठरवायचं असतं. तो स्वतः आजही हेच म्हणतो, मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. पण त्याने मला विचारलं होतं आणि मी चालून बघितलं नव्हतं.

बाबा गेल्यावर, धावपट्टी बंद आहे हे वरून दिसावं म्हणून घालतात ती पांढरी फुली मीच अंथरली. त्याने काय भरून निघालं? काही नाही. मुलगी म्हणते फुली उचलायला एक दुपार पुरे, आणि तेही खरंच आहे. वारा दाखवणारा कापडी विंडसॉक मी काढलेला नाही. पाऊस झाला की अजून पट्टी चालून येते, टाच रोवत.