रस्ता बंद

मंगळवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी ड्युटीवर एक पेशंट गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवला, छातीत दुखत होतं, इसीजी बघून डॉक्टर म्हणाले थांबू नका, न्या. १०८ आली आणि गेली पण. सावंतवाडीकडच्यांना यात काय नवीन, सीरियस झालं की बांबोळी नायतर कोल्हापूर हे ठरलेलंच असतं आपलं. पण मणिपूरला दंगलीनंतरच्या कँपांत काम करून आल्यापासून अशी गाडी गेटाबाहेर पडली की माझ्या डोक्यात चुराचांदपूर सुरू होतं.

चुराचांदपूर ते इंफाळ साठेक किलोमीटर. म्हणजे आपण बांबोळीला जातो साधारण तेवढंच. चुराचांदपूर डोंगरातलं, कुकी लोकांचं, बहुतेक ख्रिश्चन. इंफाळचं खोरं मैतेईंचं, ते बहुतेक हिंदू, काही त्यांचा जुना सनामही धर्म पाळणारे. ३ मे २०२३ ला मैतेईंना अनुसूचित जमातीत (एसटी) घ्यायच्या मागणीविरुद्ध डोंगरातल्या लोकांचा मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी पेटलं. अडीचशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांवर घरं सोडून पळाली. कोण म्हणतं धर्माचं भांडण, कोण म्हणतं जमिनीचं, मी दोन्हीकडची माणसं बघितली आणि मला तरी एकच एक कारण सांगता येत नाही. देवळंही जळाली, चर्चही जळाली.

मोठी हॉस्पिटलं सगळी इंफाळला. चुराचांदपूरला मेडिकल कॉलेज झालं होतं पण ते जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं, आणि दंगल झाल्यावर तिथला मैतेई स्टाफ इंफाळला निघून गेला, इंफाळातले कुकी डॉक्टर-सिस्टर डोंगराकडे आले, ज्याला त्याला आपला जीव. डोंगर आणि खोऱ्याच्या मधल्या पट्ट्यात सिक्युरिटीवाले, त्याच्या अलीकडे पलीकडे गावकऱ्यांचे स्वतःचे नाके. तिथे आधार कार्ड बघतात, आडनाव बघतात. मग डोक्याला मार लागलेला, किडनी गेलेला कुकी पेशंट कुठे न्यायचा, तर मिझोरामात ऐझॉलला, तीनशेच्या वर किलोमीटर, सगळा घाट. आणि पायथ्याकडच्या मैतेई गावातली माणसं शेतात जायला घाबरत होती, त्यांचे कँप खोऱ्यातल्या मोइरांगच्या बाजूला शाळा-कॉलेजात. औषधांच्या गाड्या दोन्हीकडच्यांनी अडवल्या, हे तिथे कोणालाही मान्य नसतं, प्रत्येकजण दुसऱ्याचं सांगतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला तेव्हा बांदा-दोडामार्गच्या माणसांचं काय झालं होतं ते इथे सगळ्यांना आठवत असेल. पण तो उघडणार हे माहीत होतं ना.

मी संस्थेच्या टीमबरोबर गेले तेव्हा मनात होतं की जखमा, टाके, ड्रेसिंग असलं काम असेल. तसलं फारच थोडं. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्सची औषधं, दम्याचे पंप, गरोदर बायका, हॉलमध्ये दाटीवाटीने झोपणारी पोरं आणि त्यांची खरूज. एकाला खरूज म्हणजे सगळ्या हॉलला, आणि मलम दिलं तरी चादरी उकळायच्या कुठे? पळताना माणूस मुलं घेतो, म्हातारी घेतो, कागद राहिले तर राहिले, गोळ्यांची पिशवी कोण घेतो? केसपेपर जळालेला, गोळीचं नाव माहीत नाही, "पांढरी, छोटी" एवढंच. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं आणि शाळेत फ्रिज नाही, असला तर लाइट नाही. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, मधेच तुटला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे मी इथे ओपीडीत रोज ओरडून सांगते, तिथे कोणाला ओरडणार.

एचआयव्हीचं तर विचारूच नका. मणिपूरमध्ये देशाच्या सरासरीपेक्षा प्रमाण खूप जास्त, त्यावरची एआरटीची गोळी रोज ठरल्या वेळी पाहिजे. एका कँपात एक बाई कॅल्शियमच्या डबीत ती गोळी ठेवायची. घरी नवऱ्याला माहीत होतं, इथे दोनशे माणसं बघतायत, शेजारीण रोज विचारते एवढं कॅल्शियम कशाला. मी तिचा बीपी घेतल्यासारखं केलं आणि हळूच डबीत स्ट्रिप टाकल्या. तिने माझ्याकडे बघितलं पण नाही, बरोबरच केलं तिने.

आमचा ड्रायव्हर पांगल होता, म्हणजे मैतेई मुसलमान. भांडणात ते कुठल्याच बाजूचे नाहीत म्हणून दोन्हीकडे जाऊ शकणाऱ्या थोड्या लोकांत ते, माणसं-सामान ने-आण करायचं काम त्यांच्यावर आलं. बोलायचा कमी. नाका आला की गाणं बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर दिसतील असे. एवढ्या शांतपणे गाडी हाकणारा माणूस मी आमच्या झाराप-पत्रादेवी रोडवर तरी बघितलेला नाही.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. इंफाळच्या शवागारात मे महिन्यापासून पडून राहिलेले साठ कुकी लोकांचे मृतदेह डिसेंबर २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने आदेश दिल्यावर, हेलिकॉप्टरने डोंगरात नेले. चुराचांदपूरला अडकलेले चार मैतेईंचे मृतदेह त्याच वेळी इंफाळला आले. मेलेल्या माणसालाही ते साठ किलोमीटर रस्त्याने जाता आलं नाही. गोळीने गेलेल्यांचा आकडा पेपरात येतो, पण इन्सुलिन नाही म्हणून, ऐझॉलच्या घाटात उशीर झाला म्हणून जे गेले ते कुठल्या वहीत लिहितात? हार्ट अटॅक, किडनी फेल्युअर, एवढंच लिहितात.

आई अजून टोमणे मारते. "आपल्या हंय पेशंट नाय मा? थंय कित्याक गेललंस?" आणि मग मीच जेवायला बसले की हळूच, "ती गरोदर होती ती, तिचा काय झाला गो?" मला माहीत नाही तिचं काय झालं. आमची टीम निघाली तेव्हा तिला आठवा चालू होता.

दोन वर्षं कधीच उलटली, तरी हजारो माणसं परत गेलेली नाहीत. म्हणून आमच्या ग्रुपने पुन्हा मदत गोळा करायचं काढलंय, चांगलंच आहे, पण आज बघितलं तर तीन गोणी साड्या, जुनी पांघरुणं आणि अर्धी वापरलेली सिरप. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिलेलं औषध पोचेल तेव्हा एक्सपायरीला निदान एक वर्ष पाहिजे. आम्ही तिथे गेलो तेव्हा असल्या फुटक्या बाटल्या निवडण्यातच अख्खी दुपार गेली होती. उद्या ग्रुपवर लिहिणार आहे: साड्या बंद. पैसे द्या, त्यातून शुगरचं मेटफॉर्मिन, बीपीचं अम्लोडिपिन, दम्याचे पंप, खरजेचं मलम आणि पॅड तिकडच्याच होलसेलवाल्याकडून घेऊ. अध्यक्षांना राग येणार, साड्यांचं उद्घाटन ठेवलंय त्यांनी शनिवारी, फोटोवाला पण सांगितलाय. येऊ दे राग.