"कन्फर्म?"

मी वैमानिक आहे. शाळेत आले की मुलं एकच प्रश्न विचारतात : "ताई, हवेत इंजिन बंद पडलं तर भीती नाही वाटत?" वाटते. पण तेव्हा हातांना कामाची सवय असते, आणि ती आम्हाला मुद्दाम लावलेली असते.

दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉकपिटची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रात, परीक्षा होते. विमानाने जमीन सोडली रे सोडली की परीक्षक एका इंजिनाला आग लावतो. घंटी वाजते, लाल दिवा पेटतो, काहीतरी करावं म्हणून हात शिवशिवतात. पण एअरबसवर ४०० फूट उंची येईपर्यंत चाकं आत घ्यायची, घंटी बंद करायची, विमान सरळ ठेवायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. मग एकजण इंजिनाच्या स्विचवर बोटं ठेवून विचारतो, "कन्फर्म?" दुसऱ्याने स्वतः बघून होकार दिल्याशिवाय स्विच हलत नाही. १९८९च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एका विमानाचं बिघडलं होतं डावं इंजिन, बंद केलं गेलं उजवं. डावीकडच्या ज्वाळा काही प्रवाशांनी पाहिल्या होत्या. ते कॉकपिटपर्यंत पोहोचलंच नाही. ४७ माणसं गेली.

त्याआधी, २८ डिसेंबर १९७८ला, अमेरिकेत पोर्टलँडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेले. इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत होते, पण ठणकावून नाही. १० जण दगावले. त्यानंतर, १९८१पासून, त्या कंपनीने वैमानिकांना एकमेकांशी बोलायला आणि एकमेकांचं ऐकायला शिकवायला सुरुवात केली. आज जगभर त्याला सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणतात.

त्याच युनायटेडच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन १९ जुलै १९८९ला फुटलं आणि विमान वळवणाऱ्या, वरखाली नेणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या. अशा प्रसंगाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेले वैमानिकांचे प्रशिक्षक डेनी फिच यांना आत घेतलं आणि थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत चौघांनी विमान अमेरिकेतल्याच सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते मोडलं, पेटलं. तरी २९६पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी पुढे त्याचं श्रेय वारंवार सीआरएमला दिलं.

मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. त्यामुळे वीस वर्षांनी मोठ्या कॅप्टनला "सर, वेग कमी होतोय" म्हणताना नव्या सहवैमानिकाची जीभ अडखळते. माझी फारशी अडखळली नाही. नववीत गणिताच्या बाई फळ्यावरची चूक दाखवणाऱ्याच्या हातात खडू देऊन स्वतः बाजूला उभ्या राहायच्या, आणि वर्गाबरोबर त्याचं उत्तर तपासायच्या. बाई, त्या तासांचं ऋण मी कॉकपिटमध्ये रोज मानते.

वैमानिक व्हायचं असेल त्यांनी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नये. पुढचं मला विचारा. माझा नंबर शाळेच्या कार्यालयात आहे.