कॉलिन काउंटीत घर नेमके कुठे घ्यावे?

नोकरीनिमित्त डॅलसच्या उत्तरेकडे येऊ घातलेली मराठी कुटुंबे ओळखीतून माझा नंबर मिळवून एकच प्रश्न विचारतात: टेक्सासमधल्या कॉलिन काउंटीत घर घ्यायचे तर फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी की सेलिना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. शहराचे नाव हा या निर्णयातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. तपासायचे असतात ते त्या एका प्लॉटचे कागद.

या काउंटीची लोकसंख्या २०१० साली ७.८ लाख होती आणि २०२० मध्ये ती १०.६ लाखांवर गेली. इथे शाळा शहराच्या ताब्यात नसतात. स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र कर आकारणारी संस्था असते आणि तिची हद्द शहराच्या हद्दीशी जुळत नाही, त्यामुळे मॅकिनीचा पत्ता असलेले घर फ्रिस्को, प्रॉस्पर किंवा ॲलनच्या डिस्ट्रिक्टमध्येही असू शकते. शिवाय वस्ती वाढते तिथे नवी शाळा उघडली की आसपासच्या शाळांच्या हद्दी बदलतात, आणि वस्ती जुनी होते तिथे मुले कमी पडतात. प्लेनोच्या डिस्ट्रिक्टने २०२४ च्या जूनमध्ये चार शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने.

सर्वांत जास्त फसगत होते ती कराच्या बाबतीत. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही याचे नव्याने येणाऱ्यांना फार अप्रूप असते, पण ती कसर मालमत्ता कर भरून काढतो. बिलावर काउंटी, शहर, कॉलिन कॉलेज आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्या ओळी असतात आणि निम्म्याहून मोठा वाटा शाळांचा असतो. नव्या वसाहतींत कधी मडची, म्हणजे पाणी, मलनिस्सारण आणि रस्त्यांसाठी काढलेले कर्ज रहिवाशांकडून वसूल करणाऱ्या युटिलिटी डिस्ट्रिक्टची ओळ वाढते, तर कधी पिडची, म्हणजे वसाहतीतल्या सोयीसुविधांचा खर्च तिथल्याच मालमत्तांवर लावणाऱ्या पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टची आकारणी. मड बहुधा शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे शहराचा कर वाचतो, तरी एकूण बेरीज करूनच तुलना करावी.

नव्या घराची आणखी एक गोष्ट आहे. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होते. त्या दिवशी प्लॉटवर नुसता पाया असेल, तर पहिले बिल जवळजवळ जमिनीपुरतेच येते, बँक त्यावरून एस्क्रो, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्यासोबत दरमहा कापून ठेवायची रक्कम, ठरवते, आणि पुढल्या वर्षी पूर्ण घराचे मूल्य धरले गेले की महिन्याचा हप्ता शेकडो डॉलरनी वाढतो. माझ्या ओळखीच्या एका तरुण जोडप्याला हे आधी कोणीही सांगितले नव्हते, याचा मला आजही राग येतो.

घरासमोरची मोकळी जमीन पाहून हरखून जाऊ नका. तिथे पुढे काय येणार आहे हे शहराच्या झोनिंगच्या नकाशात आणि रस्त्यांच्या आराखड्यात दिसते. हायवे ३८० चा मॅकिनीला वळसा घालणारा मार्ग राज्याच्या परिवहन विभागाने २०२३ मध्ये निश्चित केला, आणि तो वसलेल्या वस्त्यांच्या अगदी जवळून जाणार आहे. याच काउंटीतल्या, झपाट्याने वाढणाऱ्या प्रिन्स्टन शहराने तर सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या निवासी बांधकामांना तात्पुरती स्थगिती दिली, कारण पाणी आणि मलनिस्सारणाची क्षमता वाढत्या वस्तीला पुरेनाशी झाली होती.

इथली माती विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. जुन्या घराचा पाया त्यामुळे हलतो. करारात ऑप्शन पीरियड, म्हणजे खरेदीतून माघार घेण्याची मुभा असलेली ठरावीक मुदत, मागून घ्यावा आणि त्या मुदतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी.

आता थेट उत्तर. मुले शाळेत जाण्याच्या वयाची असतील आणि ऑफिस प्लेनोत असेल, तर मी ॲलन किंवा प्लेनोतले, पाया तपासलेले जुने घर सुचवेन, कारण तिथले रस्ते, झाडे आणि कराचा आकडा आजच डोळ्यांसमोर आहे. सेलिना आणि प्रॉस्पर त्यांच्यासाठी आहेत, ज्यांना मोठे नवे घर हवे आहे, आसपासचे बांधकाम काही वर्षे सोसण्याची तयारी आहे, आणि मड किंवा पिड असल्यास ती धरून वाढीव हप्ता झेपणार आहे.