तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलवर बोलून भीती कशी जाते?

गोव्यातल्या आमच्या वाळपईच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की हेच विचारतं. "मोबाइलवर बोलून पोरीची भीती गेली कशी गो?"

पूर्ण गेलेली नाही. पण ती शाळेत जाते.

तिसरीत असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. रविवारी नाही. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, सासूबाईंनी दृष्टही काढली. मला, तिच्या आईला, काहीतरी होईल, ही तिची भीती. "आई, तू न्यायला येशील ना?" बसथांब्यापर्यंत वीस वेळा विचारायची आणि मी वीसही वेळा "येईन गं बाय" म्हणायचे.

दर आठवड्याला बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ गाठायचं तर माझी रजा, तिची शाळा, बसमध्ये उलट्या. म्हणून थेरपी देणाऱ्या मॅडमशी व्हिडिओ कॉल. पहिले दोन कॉल तिनं नुसतं मांजर पुढे धरलं. मॅडम मांजराशी बोलल्या.

मग तिच्या भीतीची शिडी काढली, सोप्यापासून कठीणापर्यंत. खालच्या पायरीवर आई पाच मिनिटं शेजाऱ्यांकडे, वरच्या पायऱ्यांवर बस, शाळा. मोबाइल तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवला आणि मी फाटकाबाहेर गेले. लेक मॅडमना आपल्या भीतीचा दहापैकी आकडा सांगत होती. आठ. आठच. सहा. चार. "घाबरू नकोस" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. भीती चढते तशी उतरते, हे तिलाच बघू दिलं. तिची भीती आमच्या फाटकाशी होती. दवाखान्यात ते फाटक कुठून आणणार?

माझा अभ्यास जास्त कठीण होता. उत्तर एकदाच द्यायचं. पुन्हा विचारलं तर, "तुला माहीत आहे." माझ्या प्रत्येक "येईन"नं तिला घडीभर बरं वाटायचं आणि पुढचा प्रश्न तयार व्हायचा. येल विद्यापीठाच्या एका अभ्यासात ७ ते १४ वर्षांच्या मुलांच्या फक्त आईवडिलांना हे शिकवलं, तरी मुलांना थेट थेरपीइतकाच गुण आला. हे वाचून मी रडले होते.

पावसात नेटवर्क जातं. मुलाला मोकळं बोलायला बंद दाराची खोली लागते. आणि मूल मरणाचं किंवा स्वतःला इजा करण्याचं बोललं तर पुढच्या कॉलची वाट पाहू नका, बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ गाठा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट.

आमची वरची पायरी बाकी आहे: साखळीला मावशीकडे एक रात्र, माझ्याशिवाय. चतुर्थीनंतरचा शनिवार तिनंच ठरवलाय. आकडाही सांगून ठेवलाय. सहा.