डुअल बूट अपडेट: यूकेआय बसलं एकदाचं, पण ईएसपीने रडवलं

मंडळी, झालं! सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय) चालू, सहीच्या कीज स्वतःच्या, आणि आर्च लिनक्स नि विंडोज ११ दोन्ही बिनबोभाट बूट होतायत.

मागच्या वेळी लिनक्सचं मुख्य (रूट) पार्टिशन लुक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनमध्ये, टाकलं तिथे थांबलो होतो. पण खरं भोक तसंच होतं. लिनक्सच्या परमिशन लिनक्स चालू असेपर्यंतच, विंडोजमध्ये ॲडमिन मिळालेल्या मालवेअरला लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टम कळत नसली तरी डिस्कवर थेट लिहिता येतं, आणि आपलं बूट पार्टिशन एन्क्रिप्शनशिवाय उघडं. नेहमीच्या सेटअपमध्ये कर्नलची सही तपासली जाते, इनिटरॅमएफएसची (कर्नलबरोबर लोड होणारी, रूट उघडून देणारी छोटी तात्पुरती सिस्टम) कोणीच तपासत नाही, आणि लुक्सचा पासवर्ड आपण टाइप करतो नेमका तिथेच! ही भीती कागदावरची नाहीये. २०२३ मध्ये उघड झालेला ब्लॅकलोटस हा बूटकिट (विंडोजच्याही आधी चालू होणारं मालवेअर) ईएसपीत, म्हणजे बूटच्या फाइलींच्या पार्टिशनमध्ये, घुसून बसायचा, तेही जानेवारी २०२२ मध्ये पॅच झालेलं भोक वापरून, कारण जुन्या सहीवाल्या फाइली रद्दच केलेल्या नव्हत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्ससाठी बूटकिटी नावाचा तसाच बूटकिट दिसला, तो प्रयोगापुरता होता पण दिशा कळली.

म्हणून यूकेआय (युनिफाइड कर्नल इमेज). कर्नल, इनिटरॅमएफएस, कमांडलाइन सगळं एका ईएफआय फाइलीत, वर एकच सही. इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या एमकेइनिटसीपीओच्या प्रीसेटमध्ये दोन ओळी, संपलं असं वाटलं, आणि समोर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. विंडोजने बनवलेलं ईएसपी १०० एमबीचं, त्यातही त्याच्या स्वतःच्या फाइली, आणि एनव्हिडियाचे मोड्यूल नि फर्मवेअर आत घेतल्यावर यूकेआय मावणार कुठून? फॉलबॅक (अडचणीसाठीची जादा इमेज) काढलं, केएमएस हूक (ग्राफिक्स ड्रायव्हर आत घालणारा) काढला, कॉम्प्रेशन वाढवलं, एकदा कसंबसं बसलं आणि पुढच्या कर्नल अपडेटला परत तेच. ईएसपी वाढवायचं तर त्याला चिकटून विंडोजची पार्टिशनं, ती सरकवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

सुटलं ते एक्सबूटएलडीआरने, म्हणजे ईएसपीच्या जोडीला दुसरं बूट पार्टिशन. स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, उडवलं (ते तसंही एन्क्रिप्ट केलेलं नव्हतं, म्हणजे रॅममधलं काहीही उघड्यावर पडणार, बरंच झालं), तिथे फॅट३२, जीडिस्क या पार्टिशन टूलमध्ये टाइप ईए००, ते बूट फोल्डरवर माउंट आणि जुनं ईएसपी वेगळं ईएफआय फोल्डरवर. सिस्टमडी-बूट या बूट मेनूला दोन्ही आपोआप दिसतात. पहिल्यांदा मेनूत एंट्री आली तेव्हा काय आनंद झाला सांगू! ग्रब या आधीच्या बूट मेनूकडे मी आता परत जात नाही, डुअल बूटला सिस्टमडी-बूट किती सुटसुटीत आहे.

कीज बनवून बसवायला एसबीसीटीएल, याच्याइतकं नीट टूल या भानगडीत दुसरं नाही. मायक्रोसॉफ्टच्या कीज ठेवायचा पर्याय मात्र द्याच, विंडोज तर सोडाच, काही ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअरही त्याच सहीवर चालतं. आणि त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (त्याचं डिस्क एन्क्रिप्शन) सस्पेंड करा, रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण कीज बदलल्या की पीसीआर ७ (टीपीएम या सुरक्षा चिपमधली सिक्युअर बूटच्या स्थितीची नोंद) बदलतो आणि बिटलॉकर अडून बसतो. बिटलॉकर कायमचा बंद मात्र करू नका, लिनक्सकडून विंडोजमध्ये कोणी हात घालू नये म्हणून तोच आहे.

एवढं करून फाइल डिलीट होण्यापासून किंवा अख्खी डिस्क पुसली जाण्यापासून वाचवत नाही हं हे, फक्त गुपचूप बदल पकडला जातो. बॅकअपची डिस्क काढूनच ठेवायची.

पुढे टीपीएमने लुक्स आपोआप उघडायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की नुसत्या पीसीआर ७ वर लॅपटॉप चोराच्या हातातही लॉगिनपर्यंत उघडत जाणार. तेव्हा पिनसकट एनरोल करतो, जुना पासफ्रेज दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू दे. त्याआधी एफडब्ल्यूअपडी या फर्मवेअर अपडेट टूलने डीबीएक्स (रद्द केलेल्या सह्यांची यादी) अपडेट, म्हणजे बिटलॉकर परत सस्पेंड. कोणी हा क्रम उलटा करून बघितलाय का?