राखेच्या बुधवारापासून आगमनकाळापर्यंत

2022 च्या नोव्हेंबरात माझे वडील वारले. त्या वेळी पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना मला सोळा वर्षे झाली होती. शेवटचे तीन आठवडे मी रजा काढून श्रीरामपूर तालुक्यातील आमच्या गावी त्यांच्या उशाशी होते. तेथे ना मॉनिटर होता ना सलाईनचा पंप. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचे, पाठीला तेल लावायचे, कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायचे आणि संध्याकाळी आई जपमाळ म्हणू लागली की तिच्यासोबत म्हणायची, एवढेच माझे काम होते. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारची एक सून दारात येऊन उभी राहिली आणि संकोचत म्हणाली, "ताई, आमच्या सासूबाईंच्या कमरेला जखम झालीय, जरा बघता का?" मी गेले, जखम स्वच्छ केली आणि त्यांना कसे वळवायचे ते तिला दाखवले. त्यानंतर रोज कोणीतरी येऊ लागले.

अंत्यविधी आटोपून मी पुण्याला परतले आणि पूर्वीसारखीच कामाला लागले, पण मन कामात नव्हते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नवरा, आठवीतला मुलगा, घराचे हप्ते असे सगळे असताना, देवाने मला नेमके कशासाठी जन्माला घातले हा प्रश्न मला झोपू देईना. त्याच सुमारास एका एजंटाने आखाती देशातील रुग्णालयातली नोकरी सुचवली. पगार जवळजवळ तिप्पट होता. नवऱ्याने सारा विचार करून शांतपणे सांगितले, "तू जायचे ठरवलेस, तर मुलाला मी सांभाळीन." त्यामुळे निर्णय पूर्णपणे माझ्यावर येऊन पडला.

मी प्रार्थना करीत नव्हते असे नाही. लागोपाठ तीन नोव्हेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, केल्या, उपवास केले आणि देवाकडे खूण मागितली. अमुक तारखेपर्यंत फोन आला तर जायचे, नाही आला तर राहायचे, असेही मी देवाला सांगून पाहिले. एका प्रार्थनासभेत प्रवचनकाराने माझ्या डोक्यावर हात ठेवून सर्वांसमोर सांगितले की, प्रभू तुला समुद्रापलीकडे पाठवीत आहे. मी हुंदके देऊन रडले. त्या रात्री प्रश्न सुटला असे वाटले, पण तीन दिवसांत तो सारा उमाळा ओसरला आणि पूर्वीपेक्षा मोठी पोकळी मागे राहिली. त्या माणसाच्या श्रद्धेवर मला शंका घ्यायची नाही. परंतु अनोळखी व्यक्तीच्या आयुष्याचा निर्णय देवाच्या नावाने जाहीर करणे ही फार जोखमीची गोष्ट आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही ठामपणे वाटते.

आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातील, एका धर्मभगिनीने मला नगर रस्त्यावर राहणाऱ्या एका वयस्कर जेज्वीट धर्मगुरूंकडे पाठवले. जेज्वीट, म्हणजेच येशूसंघाचे धर्मगुरू, आम्हा नगर जिल्ह्यातील कॅथलिकांना परके नाहीत. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयामुळे त्यांचे नाव आमच्याकडे घराघरांत माहीत आहे. फादरांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि आखाती नोकरीबद्दल चकार शब्द न काढता विचारले, "तुम्ही देवाकडे खूण मागता आहात. पण तुम्हाला स्वतःला काय हवे आहे, हे त्याला कधी सांगितले आहे का?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून दिला. आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसून ओरडतो आहे, त्याला काय हवे ते कोणालाही दिसावे, आणि तरीही येशू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. आठवडाभर तेवढ्याच ओळी वाचायच्या, एवढे सांगून फादरांनी मला परत पाठवले.

22 फेब्रुवारी 2023 रोजी, राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी त्यांच्या मार्गदर्शनाखाली येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या प्रार्थना-चिंतनाच्या साधनेला सुरुवात केली. ही साधना मुळात तीस दिवस एकांतात राहून करायची असते. मात्र ज्यांना कामधंदा सोडता येत नाही, त्यांनी रोजच्या जगण्यात राहून, दिवसाला साधारण दीड तास देऊन, ती हळूहळू पूर्ण करावी, अशी सोय इग्नातींनी स्वतःच लिहून ठेवलेली आहे. संसारी आणि नोकरदार माणसाचा विचार पावणेपाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी केला होता, याचे मला फार अप्रूप वाटले.

इग्नातींची हकीगत येथे सांगायला हवी, कारण माझी सगळी वाट तिच्यातूनच निघाली. स्पेनमधील बास्क प्रदेशातला हा सरदार 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला आणि अनेक महिने घरी अंथरुणाला खिळला. त्याला शूरवीरांच्या कथा वाचायच्या होत्या, पण घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या जीवनावरची आणि संतचरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या तो कधी राजदरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवी, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना त्याला आनंदच होई. फरक दिसे तो नंतर. पराक्रमाची स्वप्ने विरली की मन कोरडे पडे. संतांच्या वाटेचा विचार मात्र संपल्यानंतरही मनात समाधान रेंगाळे. गोष्ट चालू असताना काय वाटते यापेक्षा ती सरल्यावर मागे काय उरते ते पाहावे, हे त्याला त्या खाटेवर उमगले. पुढे मान्रेसा येथे काढलेल्या सुमारे अकरा महिन्यांत त्याने याच अनुभवांतून साधनेची टिपणे लिहिली आणि 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्या ग्रंथाला मान्यता दिली. हे ऐकताना मला ती प्रार्थनासभा आठवली. तेथला उमाळा खोटा नव्हता, पण तो सरल्यावर मागे काय उरले होते, हे मी पाहिलेच नव्हते.

माझी वेळ पहाटे साडेचारची ठरली आणि रात्रपाळी असली तर घरी परतल्यावर सकाळी साडेनऊची. स्वयंपाकघरातील ओट्याशेजारी एक खुर्ची, बायबल, मेणबत्ती आणि मुलाची अर्धी कोरी राहिलेली दुरेघी वही, एवढीच तयारी होती. पहिले काही आठवडे अतिशय अवघड गेले. डोळे मिटले की ड्युटीचा तक्ता दिसे, दुधाचा हिशोब सुचे आणि कित्येकदा बसल्या बसल्या झोप लागे. फादर म्हणाले की झोप लागली तर लागू द्या, पण ठरलेली वेळ संपेपर्यंत खुर्ची सोडू नका. उलट, ज्या दिवशी बसवत नाही, त्या दिवशी वेळेपेक्षा थोडे जास्तच बसा, असा इग्नातींचा सल्ला आहे. मी तो पाळला.

रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे दिवसाचे परीक्षण करायचे असे. आधी देवाचे आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, नंतर सकाळपासूनचा दिवस हळूहळू डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा, जे चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागायची. त्यानंतर वहीत दोनच ओळी लिहायच्या: आज मन कोठे ओलावले आणि कोठे कोरडे पडले. मी ते शब्द तसेच ठेवले, कारण आमच्या दुष्काळी भागातल्या माणसाला ओल म्हणजे काय आणि कोरड म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

जूनमध्ये फादरांनी मला वही सुरुवातीपासून वाचायला सांगितले. साडेतीन महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत वाचताना जे दिसले, ते रोज लिहिताना मला एकदाही दिसले नव्हते. यंत्रे हाताळण्याबद्दल, बढतीबद्दल किंवा आखाती नोकरीबद्दल लिहिलेले बहुतेक दिवस पहिल्या ओळीत उत्साहाचे आणि दुसऱ्या ओळीत कोरडे होते. ज्या दिवसांची ओल दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत टिकली होती, ते दिवस वेगळेच होते. एका आजोबांना घरी नेण्याचे नातेवाइकांनी ठरवले, तेव्हा त्यांच्या मुलीला नळीतून अन्न कसे भरवायचे ते शिकवण्यात ड्युटी संपल्यावरही माझा तास गेला होता. सुट्टीत गावी गेले असता त्याच शेजारणीच्या सासूबाईंचे केस धुतले होते. त्यांच्या डोक्यावरून कोमट पाणी ओतताना माझ्या हाताखाली त्यांचे कपाळ सैल पडत गेले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढेच मी त्या दिवशी लिहिले होते. असे सात दिवस निघाले. प्रत्येक वेळी कोणाच्या ना कोणाच्या घरातली खाट होती किंवा घरी जायला निघालेला रुग्ण होता.

तरीही हेच देवाचे पाचारण आहे असे म्हणायला फादर तयार नव्हते. ते म्हणाले की अजून तुमच्या तराजूचा काटा मध्यावर नाही. साधनेत ही अट फार कडक आहे. निवड करण्यापूर्वी माणसाने अशा स्थितीत यावे की श्रीमंती आणि गरिबी, मान आणि अपमान, दीर्घायुष्य आणि अल्पायुष्य यांपैकी एकाकडे आधीच मन झुकलेले नसावे; देवाच्या सेवेला जे अधिक उपयोगी पडेल, तेच हवेसे वाटावे. माझे मन पगाराकडे झुकलेले होतेच, पण फादरांनी दाखवून दिले की ते त्यागाकडेही झुकलेले होते. मोठा पगार नाकारणारी बाई म्हणून लोकांनी माझ्याकडे पाहावे, अशी सुप्त इच्छा माझ्या मनात होती. हे ऐकून मी दोन आठवडे त्यांच्याकडे गेले नाही. ते बरोबर बोलत होते, म्हणूनच ते लागले होते.

जुलै आणि ऑगस्ट पूर्ण कोरडे गेले. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मन लागेना, वहीत "काही नाही" एवढेच लिहिले जाई, आणि सारे सोडून एजंटाला होकार कळवावा असे रोज वाटे. अशा वेळेसाठी इग्नातींचा एक नियम आहे आणि माझ्यासारख्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने तो पाठ करावा, असे मला मनापासून वाटते: मन कोरडे असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये, मन ओले असताना जे ठरवले होते त्यालाच धरून राहावे, आणि प्रार्थना मात्र वाढवावी. मी साधना पूर्ण करण्याचे राखेच्या बुधवारी ठरवले होते. तेवढ्या एका निर्णयाला मी ते दोन महिने धरून राहिले. त्या काळात बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकातील एलीया संदेष्ट्याचा प्रसंग माझ्या वाट्याला आला. वाऱ्यात परमेश्वर नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता, आणि त्यानंतर एक शांत, मंद वाणी झाली. वाणी ऐकण्याआधी एलीयाला ते सारे सोसत डोंगरावर थांबावे लागले होते, याकडे माझे लक्ष आजवर कधी गेले नव्हते.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला आईला घेऊन गेले. दरवर्षी मी काहीतरी मागायला जात असे. या वेळी गर्दीत उभी असताना मागावे असे काही सुचलेच नाही. बाहेर आल्यावर आईला ते सांगितले, तर ती म्हणाली, "मग या साली माउलीला तुझ्याकडून काय हवंय ते विचारायचं होतंस." आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. फादर सहा महिने मला जे शिकवत होते, ते तिने देवळाच्या पायरीवर बसून एका वाक्यात सांगितले.

ऑक्टोबरात मन शांत असताना मी निवडीला बसले. वहीच्या एका पानावर जाण्याचे फायदे आणि तोटे, दुसऱ्यावर राहून घरोघरी रुग्णसेवा करण्याचे फायदे आणि तोटे लिहिले, आणि त्यात मुलाच्या शिक्षणाचा खर्चही लिहिला. मग इग्नातींनी सुचवल्याप्रमाणे तीन कल्पना केल्या. माझ्यासारखीच एखादी अनोळखी परिचारिका सल्ला विचारायला आली, तर तिला मी काय सांगेन? माझ्या मृत्यूच्या घटकेला मी यातले काय निवडलेले असावे, असे मला वाटेल? आणि न्यायाच्या दिवशी देवासमोर उभी राहीन तेव्हा? दुसऱ्या प्रश्नाला फार वेळ लागला नाही. वडिलांची खोली माझ्यासमोर आली आणि मी तेथे खाटेवर नव्हते, खाटेजवळ होते.

निवड केली की ती देवापुढे ठेवून त्याने तिला दुजोरा द्यावा म्हणून प्रार्थना करायची असते. मी सहा आठवडे थांबले. प्रकाश दिसला नाही, वाणी ऐकू आली नाही. हप्त्यांची काळजी होती तशीच होती, पण तिच्याखाली काहीतरी घट्ट लागत होते आणि मी रात्री झोपत होते. 3 डिसेंबरला, नाताळापूर्वीच्या तयारीच्या म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नवऱ्याला निर्णय सांगितला. संत फ्रान्सिस झेवियरांचा सणही दरवर्षी त्याच तारखेला असतो. इग्नातींचा हा सोबती 1542 साली खरोखरच समुद्र ओलांडून गोव्याला आला होता. माझ्यासाठी मात्र दापोडी आणि भोसरीच्या चाळी ठरल्या होत्या. नवऱ्याने वही मागून घेतली, फायद्या-तोट्यांची दोन्ही पाने वाचली आणि हप्त्याच्या आकड्यातील माझी बेरजेची चूक दुरुस्त केली. जानेवारीत मी राजीनामा दिला, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या सेवेचे प्रशिक्षण घेतले आणि आधीच्या पगाराच्या साधारण दोन-तृतीयांशावर घरोघरी जाऊ लागले.

वही मी अजून लिहिते. गेल्या जूनमध्ये पुन्हा कोरडे दिवस आले; एका आठवड्यात तीन रुग्ण दगावले आणि त्याच आठवड्यात त्या एजंटाचा पुन्हा फोन आला. मी त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, फक्त काही दिवस थांबायला सांगितले. पहाटेची वेळ वाढवून सव्वा तास केली. अकराव्या दिवशी वहीत एक ओली ओळ आली. त्या दुपारी मी एजंटाला फोन करून नकार कळवला, पिशवीत ड्रेसिंगचे सामान भरले आणि चार वाजताच्या भेटीसाठी भोसरीची बस धरली.